पैनगंगेचे दोन काठ : प्रादेशिक सरकारचे संशोधन आणि त्याचा ठसा

माहूरच्या डोंगरांना वळसा घालून पूर्वेकडे जाणारी पैनगंगा १९५६ पर्यंत दोन सरकारांची हद्द होती. दक्षिण काठावर निजामाचे हैदराबाद संस्थान, उत्तर काठावर वऱ्हाड. १८५३ पूर्वी दोन्ही काठ निजामाचेच होते. त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. नदीच्या अलीकडे-पलीकडे जमीन तीच, पाऊस जवळपास तेवढाच, कापूस-ज्वारी-तुरीचा पेराही सारखाच. पण कोणते बियाणे चांगले, कोणत्या रोगावर काय करायचे, हे सांगणारे खाते वेगळे झाले. एका काठाला नागपूर-अकोल्याची प्रक्षेत्रे, दुसऱ्याला परभणी-नांदेडची. पुढे दोन्ही काठ एकाच राज्यात आले, तरी ही वाटणी पुसली गेली नाही. आजही धनोड्याचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात पाऊल टाकले की अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सुरू होते. माहूर आणि किनवट परभणीकडे राहतात.

विज्ञानाचा इतिहास सांगताना सहसा एकेकटे शास्त्रज्ञ येतात, नाहीतर एकदम राष्ट्र येते. मधल्या पायरीवरचे सरकार, म्हणजे संस्थान, प्रांत किंवा राज्य, क्वचितच नजरेत भरते. भारतात अणुऊर्जा आणि अवकाश केंद्राकडे आहेत, औद्योगिक प्रयोगशाळांची मोठी साखळीही केंद्राची आहे. शेतीचे तसे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौदावी नोंद शेतीची आहे, आणि तिच्यात कृषी शिक्षण व संशोधन, किडींपासून संरक्षण आणि वनस्पतिरोगांचा प्रतिबंध हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि पाणी हे विषयही त्याच सूचीत. जिथे माणसाचा रोजचा संबंध येतो ते विज्ञान अशा रीतीने मधल्या पायरीच्या पदरात पडले आहे. या पायरीवर काय घडले, काय टिकले आणि काय वाया गेले, हे पाहायला मराठवाड्यासारखा दुसरा प्रदेश सापडणे कठीण. १९४८ ते १९६० या बारा वर्षांत इथे निजामाचे संस्थान संपले, भारतीय संघराज्यातले हैदराबाद राज्य आले, मग द्विभाषिक मुंबई राज्य आणि शेवटी महाराष्ट्र.

हैदराबाद संस्थानाने विज्ञानावर पैसा खर्च केला नाही, असे म्हणता येणार नाही. उलट कधी कधी तो मोठ्या हौसेने केला. १८८०च्या दशकात एडवर्ड लॉरी हे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुखही. ते एडिंबरोत जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकलेले. क्लोरोफॉर्म देताना रोग्याचा श्वास सांभाळावा, नाडीकडे पाहत बसू नये, ही त्या घराण्याची शिकवण. लंडनच्या डॉक्टरांना ती मान्य नव्हती. क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडून माणूस दगावतो, असे त्यांचे म्हणणे. वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म आयोग बसला आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले, की तुमचाच माणूस पाठवा आणि डोळ्यांनी पाहा. त्या पैशावर थॉमस लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ साली हैदराबादला आला. येताना तो लंडनच्या बाजूचा होता. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाल्यावर तो लॉरींच्या बाजूचा झाला. आयोगाचा अहवाल १८९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. भूल देण्याच्या शास्त्रातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, रूपाबाई फर्दुनजी, याच हैदराबादी शाळेत घडल्या.

पुढे या आयोगाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या गुंगीतच हृदयाच्या कप्प्यांची थरथर सुरू होऊन अचानक मृत्यू येऊ शकतो. नाडीकडे दुर्लक्ष करा, हा सल्ला म्हणजे घातक सल्ला होता. तरीही हैदराबादचे ते हजार पौंड फुकट गेले असे कोणी समजू नये. प्रश्न तोंडी वादातून बाहेर पडून प्रयोगाच्या कसोटीवर आला, आणि खोडून काढण्यासाठी जगाला काहीतरी लेखी, मोजलेले मिळाले. खर्च करणाऱ्या दरबाराला अर्थात उत्तर आपल्या बाजूचे आले याचाच आनंद अधिक होता. सरकारी पैशाच्या संशोधनाला ही खोड तेव्हापासून आहे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट स्वभावाचे. नवाब जफर जंग या सरदाराने १९०१ साली हौसेने दुर्बीण आणून वेधशाळा काढली. ती १९०८ साली निजाम सरकारने आपल्याकडे घेतली आणि बेगमपेठेत हलवली. पॅरिसमध्ये १८८७ साली आखलेल्या आकाशाच्या छायाचित्र-नकाशाच्या कामात जगातल्या सुमारे वीस वेधशाळा वाटेकरी होत्या. दक्षिण आकाशातला उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतील सांतियागोकडे दिलेला होता; तिथून काम झाले नाही, म्हणून तो हैदराबादकडे आला. काम म्हणजे काय, तर काचेच्या चौकोनी पट्टिकेवर दोन अंश बाय दोन अंश आकाशाचे छायाचित्र घ्यायचे, त्यावर बारीक रेघांची जाळी उमटवायची, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ताऱ्याचा ठिपका त्या जाळीत कुठे बसतो ते वाचून वहीत मांडायचे. पोकॉक आणि नंतर टी. पी. भास्करन या संचालकांच्या हाताखाली हे कारकुनी चिकाटीचे काम दशकानुदशके चालले. त्याचे बारा खंड निघाले आणि त्यांत साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदली गेली. त्या काळात त्यांचा उपयोग फारसा कोणाला झाला नाही. १९९०च्या दशकात मात्र जगभरच्या या जुन्या याद्या संगणकावर आल्या. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची नवी स्थाने आणि बेगमपेठच्या पट्टिकांवरची जुनी स्थाने शेजारी ठेवली की मधल्या ऐंशी-नव्वद वर्षांत तारा किती सरकला ते कळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या तारकासूचीत हा हिशेब आहे. निजामाच्या तिजोरीतला पगार घेणाऱ्या कारकुनांच्या नोंदी निजामशाही जाऊन अर्धे शतक उलटल्यावर कामाला आल्या.

याच परिसरात २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. तो शोध सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीतला. संस्थानाच्या खात्यात तो जमा करता येत नाही.

या सगळ्या विज्ञानाचे तोंड बाहेरच्या जगाकडे होते. लॉरींचा अहवाल इंग्रजीत, वेधशाळेचे खंड इंग्रजीत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेव्हा शिक्षणाची भाषा उर्दू ठरली आणि भाषांतर विभागाने रसायन-भौतिकातल्या हजारो संज्ञा उर्दूत घडवल्या. भारतीय भाषेतून विद्यापीठीय विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, याबद्दल त्याला दाद द्यायलाच हवी. पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांची भाषा मराठी. माहूर-किनवटच्या टापूत तर मराठीसोबत गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगूही. दरबाराचे विज्ञान या माणसांपर्यंत कोणत्या भाषेत पोचायचे? ते पोचले एकाच रूपात, बियाण्याच्या.

१९१८ याच वर्षी परभणीला संस्थानाचे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले. मराठवाड्यातल्या शेती संशोधनाचा तो आरंभ. कापूस, ज्वारी आणि फळे ही त्याची कामे. कापसाचे काम परभणीत आणि नांदेडला वाढले, कारण गोदावरीकाठचा आणि त्याच्या उत्तरेचा मुलूख गावराणी कापसाचा. हा देशी कापूस. त्याच्या पेशीत गुणसूत्रे २६, अमेरिकन कापसात ५२. देशी झाड पाण्याची ओढ सोसते, मावा-तुडतुड्यांना लवकर हार जात नाही, पण बोंड लहान आणि धागा आखूड. गावराणीचे वैशिष्ट्य असे की देशी असूनही त्याचा धागा बराच लांब आणि तलम होता. मुंबईच्या बाजारात ‘हैदराबाद गावराणी’ हे स्वतंत्र नाव होते आणि भावही त्याच नावाने निघे. वऱ्हाडचा माल मात्र ‘उमरा’ या ठोक नावाखाली जाई.

गावराणीतली अडचण भेसळीची होती. जिनिंगमध्ये आखूड धाग्याचा कापूस मिसळला की गाठीचे वजन वाढते आणि सरकी एकत्र झाल्यामुळे पुढच्या वर्षीचे बियाणेही बिघडते. ब्रिटिश हिंदुस्थानात याच कारणाने १९२३ साली कापसाच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १९२१ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीने माटुंग्याला १९२४ साली प्रयोगशाळा काढली. तिथे देशभरच्या वाणांचे सूत कातून धागा तपासला जाई. अशा तपासणीच्या आधारावर परभणी-नांदेडच्या प्रक्षेत्रांवर शेतकऱ्यांच्या वावरातलीच चांगली झाडे निवडून, त्यांची वंशावळ वेगळी वाढवून गावराणी ६, गावराणी १२ असे वाण तयार झाले. यात परदेशी ज्ञानाचा चमत्कार नव्हता. शेतकऱ्याने शेकडो वर्षे सांभाळलेल्या मिश्र पिकातून सरस झाड उचलायचे आणि ते मिसळू द्यायचे नाही, इतकेच. नदीपलीकडे मध्य प्रांताच्या शेतकी खात्यानेही तेच केले. तिथून व्हेरम हे देशी आणि बुरी हे अमेरिकन जातीचे वाण निघाले. दोन खात्यांची प्रक्षेत्रे बैलगाडीने काही दिवसांच्या अंतरावर होती. मात्र पैनगंगेच्या काठच्या शेतकऱ्याने पलीकडचे बियाणे पेरले तर तो सरकारी दृष्टीने बाहेरचा माल.

१९४४ साली हैदराबादेत संस्थानाने मध्यवर्ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा काढली. १९५६ साली ती केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली आणि आज भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. औषधे आणि कीटकनाशके स्वस्तात बनवण्याच्या तिच्या प्रक्रियांवर देशातला मोठा औषधउद्योग उभा राहिला. राज्य पुनर्रचनेच्या वाटणीत वेधशाळा, प्रयोगशाळा, विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय हे सगळे हैदराबादेत राहिले. मराठवाड्याच्या वाट्याला आल्या त्या परभणी-नांदेडच्या प्रक्षेत्रांच्या काळ्या जमिनी, आणि परभणीचे कृषी महाविद्यालय, जे हैदराबाद राज्याने १९५६ साली, म्हणजे जाता जाता सुरू केले. प्रयोगशाळा राजधानीत असते आणि राजधानीसोबत जाते. वाण मात्र जिथे पेरतात तिथलाच असतो, त्यामुळे ती जमीन कोणाला नेता आली नाही. मराठवाड्यातल्या आजच्या संशोधनाची मुळे तिथेच सापडतात.

महाराष्ट्रात हे काम विद्यापीठांकडे सोपवले गेले. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली. दापोली आणि परभणीची विद्यापीठे एकाच दिवशी, १८ मे १९७२ रोजी. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. त्यांचे गाव गहुली, पुसद तालुक्यातले, माहूरपासून पैनगंगेच्या पलीकडे थोड्याच अंतरावर. त्यांच्या काळात संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला वाण राज्यभर पोचवण्याची मोठी मोहीम झाली. २०१३ साली परभणीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. चार विद्यापीठांवर समन्वयासाठी पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. दरवर्षी चारही ठिकाणचे शास्त्रज्ञ ‘संयुक्त अ‍ॅग्रेस्को’ या बैठकीला जमतात. नवे वाण, अवजारे आणि शिफारशी तिथे मांडून, वाद घालून मंजूर किंवा नामंजूर होतात. पैशाची वाट दुहेरी आहे. पगार आणि जमिनी राज्याच्या. पिकांचे अखिल भारतीय समन्वित प्रकल्प केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेचे, त्यांत खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा आणि एक चतुर्थांश राज्याचा. म्हणून ‘परभणीचे संशोधन’ म्हटले तरी त्यात दिल्लीचा हात असतोच.

या व्यवस्थेतून मराठवाड्याने दिलेली सर्वांत ठळक गोष्ट नांदेडची आहे. १९७० साली सुरतेला सी. टी. पटेल यांनी ‘हायब्रीड-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला होता. १९८४ साली नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ बाहेर पडला. नावातला पहिला एन नांदेडचा. दोन्ही पालक अमेरिकन जातीचे, आणि झाडाला कोरडवाहूत तग धरण्याची ताकद. बीटीपूर्व काळात महाराष्ट्रात कोरडवाहू कापसाच्या वावरांतून हे नाव इतके रुळले की शेतकरी नुसते ‘चव्वेचाळीस’ म्हणत.

हे बियाणे तयार होते ते हातांनी. मादी झाडाची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी गोल चीर पाडून पाकळ्यांसकट पुंकेसर एका झटक्यात उपटून काढायचे, आतल्या कुक्षीला नख लागू न देता. कळीवर रंगीत कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे उमललेले फूल आणून त्याचे पराग त्या कुक्षीवर फिरवायचे आणि देठाला दोरा बांधायचा. एका नर फुलात चार-पाच मादी फुले भागतात. एकरभर बीजोत्पादनात असे हजारो वेळा, दोन महिने रोज, आणि हे काम बहुतेक बायका-मुली करतात. नख चुकले तर बोंड धरत नाही. पुंकेसर अर्धवट राहिले तर स्वपरागण होऊन बियाणे नकली निघते. शोधनिबंधात या हातांचा उल्लेख येत नाही. नांदेड केंद्राच्या यशात मात्र त्यांचा वाटा शास्त्रज्ञाइतकाच आहे.

२००२च्या मार्चमध्ये बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही जालन्याच्या महिको कंपनीच्या वाणांना. म्हणजे हा खासगी धक्काही मराठवाड्यातूनच बसला. काही वर्षांत बाजार खासगी पाकिटांनी भरला. चव्वेचाळीस झाड म्हणून वाईट नव्हते, पण त्यात ते जनुक नव्हते आणि ते घालण्याची तांत्रिक-कायदेशीर वाट सार्वजनिक संस्थांकडे नव्हती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने इतरांच्या साथीने स्वदेशी बीटी कापूस तयार केला. ‘बिकानेरी नरमा बीटी’ आणि नांदेडच्या नावाचा ‘एनएचएच-४४ बीटी’ हे वाण २००९ साली बाजारात आले आणि त्याच वर्षी मागे घेण्यात आले, कारण त्यांत खासगी कंपनीचेच जनुक आढळले. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली त्यावर अहवाल दिला. चूक नांदेडची नव्हती, तरी नाव नांदेडचे निघाले. पुढे परभणी विद्यापीठ आणि राज्याचे बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, यांच्या करारातून एनएचएच-४४ चे बीजी-२, म्हणजे पुढच्या पिढीच्या बीटीचे, रूप आले. तोवर पंधरा हंगाम निघून गेले होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीजी-२ लाही दाद दिली नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात त्याच हंगामात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. अलीकडे नांदेड केंद्राने एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे बीटी कापसाचे सरळ वाण दिले आहेत. सरळ वाण म्हणजे शेतकऱ्याला घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. त्यात कंपनीला दरसाल पाकीट विकता येत नाही, म्हणून असे वाण काढण्याची गरज बाजाराला नसते. ती सरकारलाच असू शकते.

देशी कापसाची परंपराही तुटलेली नाही. परभणीच्या मेहबूब बाग केंद्रातून पीए २५५ अर्थात परभणी तुराब आणि पीए ४०२ अर्थात विनायक हे लांब धाग्याचे देशी वाण निघाले. गावराणीची नात म्हणावी असे हे काम, आणि गिरण्यांनी त्याची जेवढी कदर करायला हवी होती तेवढी केली नाही.

प्रभाव मोजायचा कसा, हा प्रश्न इथे येतो. शोधनिबंध आणि त्यांना मिळालेले संदर्भ मोजण्याची रीत सगळीकडे आहे. तिच्यात परभणी किंवा बदनापूर कधी वर दिसणार नाही. वाणाचा हिशेब वेगळ्या कागदावर असतो. शास्त्रज्ञाच्या हातचे पैदासकार बियाणे, त्याच्या पिशवीला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी. त्यापासून पायाभूत बियाणे, चिठ्ठी पांढरी. त्यापासून प्रमाणित बियाणे, चिठ्ठी निळी. कोणत्या राज्याने कोणत्या वाणाच्या पैदासकार बियाण्याची किती मागणी नोंदवली, हा आकडा कोणत्याही संदर्भसूचीपेक्षा बोलका असतो. या मोजपट्टीवर जालना जिल्ह्यातल्या बदनापूरचे काम मोठे ठरते. वांझ रोगाने तुरीची वावरेच्या वावरे नुसती हिरवी, बिनशेंगांची उभी राहत, तेव्हा तिथून बीएसएमआर ७३६ आला. नावातली मधली अक्षरे त्या रोगाच्या प्रतिकाराचीच आहेत. पाऊस लवकर संपणाऱ्या वर्षांसाठी बीडीएन ७११ आला. लातूरच्या गळीतधान्य केंद्राने सूर्यफुलाचे संकर दिले, परभणीने करडईचा पीबीएनएस-१२ दिला.

बियाण्याला हद्द कळत नाही. मराठवाड्यात सोयाबीनने कापूस-ज्वारीला हटवले आणि लातूरची बाजारपेठ उभी केली, ती मुख्यतः जेएस ३३५ या वाणावर. तो मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या विद्यापीठाचा. म्हणजे एका राज्याच्या करदात्याने भरलेल्या पैशाचे पीक दुसऱ्या राज्याने घेतले. परभणीचे एमएयूएस ७१, ८१, १५८, १६२ आणि ६१२ हे वाण नंतर आले आणि त्यांनी वाटा मिळवला. रब्बी ज्वारीची मालदांडी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळची. २०१८ साली आलेली परभणी शक्ती ही लोह आणि जस्त अधिक असलेली देशातली पहिली जैवसंपृक्त ज्वारी परभणीने आंतरराष्ट्रीय संस्था इक्रिसॅटसोबत केली. इक्रिसॅट पुन्हा हैदराबादजवळचीच. ज्या टापूत भाकरी हेच मुख्य अन्न, तिथे या वाणाचे महत्त्व औषधासारखे आहे, पण वाढीव भाव मिळत नसल्याने शेतकरी त्याकडे वळायला नाखूष असतो.

शेतीबाहेर राज्याचे जे विज्ञान गावात दिसते ते पाण्याचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाच्या तोंडावर उभी राहिली. राज्यभर तिच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. कठड्यावर रंगाने क्रमांक लिहिलेली गावातलीच एखादी साधी विहीर. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा कर्मचारी येतो, टेप सोडतो, टोक पाण्याला टेकले की वाचतो, कठड्याची उंची वजा करतो आणि मीटरमधला आकडा लिहितो. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या गावांना टंचाई येईल ते ठरते. टँकरचा हिशेब तिथून सुरू होतो. नांदेड जिल्ह्यात हे मोजमाप जरा अवघड आहे, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणाचा पूर्वेचा काठ याच जिल्ह्यात संपतो. देगलूर-बिलोलीकडे आणि किनवटच्या बाजूला खाली जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. एकाच तालुक्यात दोन खडक असले की शेजारच्या दोन विहिरींचे पाणी वेगवेगळ्या चालीने खाली जाते, आणि एका विहिरीवरून दुसरीचा अंदाज बांधणे फसते. बेगमपेठच्या ताऱ्यांसारखाच हाही कंटाळवाण्या नोंदींचा व्यवहार. पन्नास वर्षांची सलग रांग हेच त्याचे मोल, आणि मधली दोन वर्षे कोणी विहिरीवर गेले नाही तर ती फट भरून काढता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भूकंपनोंदींची अशी सलग रांग त्या भागात नव्हती. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘मेरी’चे, भूकंपमापनाचे लक्ष धरणांच्या परिसरावर होते; दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. आदल्या वर्षी किल्लारीत लहान धक्के जाणवले होते. नंतरचा बहुतेक अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने आणि इतर केंद्रीय संस्थांनी केला.

विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, परभणीला खरीप मेळावा भरतो आणि मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबरला, रब्बीचा. बियाणे विक्रीच्या खिडकीपुढे पहाटेपासून रांग लागते; हाताच्या पिशवीत पाण्याची बाटली, खिशात सातबारा आणि आधारची झेरॉक्स. माहूरहून निघालेला शेतकरी एस.टी.ने किनवट-भोकर-नांदेड असा दिवसभराचा प्रवास करून तिथे पोचतो, आणि त्याच्या पाळीपर्यंत हवा तो वाण संपलेला असू शकतो. पैदासकार बियाणे तयार करणाऱ्या प्रक्षेत्रावर पदे रिकामी असली, मजुरीचे पैसे उशिरा आले, की त्या रांगेतले शेवटचे नाव रिकाम्या हाताने परत जाते. डोंगरउतारावरच्या बरड जमिनीतल्या कोरडवाहू कापसासाठी त्याला अकोल्याचा वाणही चालतो. पीकेव्ही हाय-२ असाच कधीकाळी पूल ओलांडून आला होता. दोन विद्यापीठांच्या कृषी दैनंदिन्या माहूरच्या कृषी सेवा केंद्रात एकाच फळीवर मिळतात. त्यांतली पेरणीची अंतरे आणि खताच्या मात्रा सारख्या नसतात, आणि दुकानदाराला विचारले तर तो तिसराच आकडा सांगतो.